आधी गाणी, मग दार

"उद्यापर्यंत कव्हरेज नव्वद टक्के पाहिजे," वझे सर म्हणाले. म्हणजे आमच्या लिफ्टच्या सॉफ्टवेअरचा नव्वद टक्के कोड टेस्टने तपासलेला हवा.

"सर, दारात हात अडकला तर दार उघडायचा कोड कोणीच तपासलेला नाही. आधी तो घेऊ?" मी विचारलं.

"त्याला आठवडा जाईल रे. लिफ्टमधली गाणी घे, पटापट होतात."

घेतली. भूपाळीपासून लावणीपर्यंत सगळं तपासलं. नव्वद झाले. केकही कापला.

उद्घाटनाला बिल्डर लिफ्टपाशी हात जोडून उभा. "या वझेसाहेब, पहिला मान तुमचा!"

"अहो, डॉक्टरांनी मला जिनेच चढायला सांगितलंय," सर म्हणाले.

कार्यक्रम अकराव्या मजल्यावर होता. सर धापा टाकत चढत होते. मी त्यांच्या दोन मजले पुढे होतो.