इमामबीचं दार

“तापाच्या माणसाजवळ जाऊ नगंस, पदरात तान्हं हाय,” सासूनं बजावलं होतं. तरी अक्काताई चिंचेखाली उघड्यावर तापानं फणफणणाऱ्या बेघर इमामबीला रोज पाणी पाजायची. प्लेगच्या सालात औषधाची गाडी उचगावात आली, दारोदार फिरली आणि इमामबीला ओलांडून निघाली. अक्काताईनं बैलांचा कासरा ओढला. “म्हातारीला औषध न्हाय व्हय?” “दारोदार द्यायचा हुकूम आहे, बाई. तिचं दार कुठाय?” गाडीवरचा कंपाउंडर हसला. अक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कासरा चिंचेला बांधून ती घरी धावली. गोठ्याच्या दाराची ताटी उपसून फरफटत आणली आणि बुंध्याला टेकवली. “हे घ्या दार! आता वाजवा!” गाव जमलं, तसं कंपाउंडरनं मुकाट उतरून ताटी वाजवली. पलीकडून इमामबी कण्हत म्हणाली, “या की, पावणं.” वाचणाऱ्यांनो, तुमच्या गल्लीत बिनदाराचं कोण निजतंय? आज तेवढं जाऊन बघून या.