डावी कुंडी

प्रार्थनेने रोपसुद्धा जोमाने वाढतं, असं बायकोचं ठाम मत. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूच. खिडकीत दोन सारख्या कुंड्या मांडल्या. माती तीच, पाणी तेवढंच. डाव्या कुंडीजवळ बसून तिने रोज प्रार्थना म्हणायची आणि उजवीशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही.

ती गेली तेव्हा प्रयोग अर्धाच झाला होता. अटी मध्येच बदलून चालत नाहीत, म्हणून डाव्या कुंडीजवळ मी बसू लागलो. आधी तिची प्रार्थना म्हणतो. मग भाजी खारट झाली, गुडघा पुन्हा कुरकुरतोय, तुझा चष्मा कपाटामागे सापडला, हेही सांगून टाकतो.

काल लेकीचा फोन आला.

"बाबा, लागला का निकाल?"

"लागला. दोन्ही रोपं अगदी सारखी वाढलीत. प्रार्थनेने काडीचाही फरक पडत नाही."

"म्हणजे तुम्हीच जिंकलात! मग आवरा की आता तो पसारा."

 

फोन ठेवला आणि जाऊन दोन नवी रोपं घेऊन आलो. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढणं शास्त्रात बसत नाही.