दादाचा चौकोन

प्रोग्राममधली रंग बदलायची खिडकी नीट उघडते का, हे तपासायला त्याने तक्त्यात घरच्यांचीच नावं घातली: बायको, लेक, दादा. प्रत्येकापुढे आवडत्या रंगाचा चौकोन. दादा जाऊन वर्ष उलटलं होतं, पण बोटांची सवय जाता जात नाही. दादाला त्याने जांभळा दिला.

दुसऱ्या दिवशी जांभळ्याचा गंजका तांबडा झाला होता. त्याने खिडकी उघडली, पट्टी सरकवून रंग पूर्ववत केला. जेवून येऊन पाहतो तर शेवाळी.

"तुझा दादा भलताच चंचल दिसतोय," शेजारच्या टेबलावरची टेस्टर हसली. "कोडमध्ये काहीतरी घोळ घातलायस."

त्याने कोड ओळ न् ओळ चाळला. घोळ कुठेच नव्हता.

संध्याकाळी घरी निघताना ऑफिसच्या जिन्यातच तो थांबला. भिंत शेवाळी होती, हुबेहूब तीच छटा. आणि खालचं फाटक गंजकं तांबडं.

सकाळी चौकोन राखाडी होता, ऑफिसातल्या गालिच्यासारखा. त्याने जांभळा निवडून 'ओके' दाबलं. पुन्हा राखाडी. मग हिरवा. त्याच्या खुर्चीच्या पाठीचा हिरवा.

"अगं, माझ्या मागे कोणी उभं आहे का?"

"कोण असणार? भिंत आहे नुसती."

त्याचा हात माउसवर नव्हता, तरी स्क्रीनवरची पट्टी सरकली. चौकोन त्याच्या शर्टासारखा निळा झाला. मग त्याच्या मानेच्या कातडीसारखा गव्हाळ.

मग, अगदी सावकाश, ओला लाल.