शेवट दुकानात मिळेल

हिरालालनं पुस्तक काउंटरवर आपटलं. "शेवटची पानं कोणं फाडली?"

केशवचं देवळीच्या बसस्टँडमागं भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान होतं. त्यानं शांतपणे वर पाहिलं.

"फाडली नाई, काका. म्याच कापली. केबल आल्यापासून गिऱ्हाईक कमी, त्यात रहस्यकथा नेली की लोक वापस करत नाईत. म्हणून शेवट इथं ठेवतो. पुस्तक आणून द्या, उभ्यानं वाचा अन् जा. काकू तशाच वाचत. मंग लेखकाले शिव्या देत."

हिरालालचा विश्वास बसला नाही. कापडाच्या धंद्यात जन्म गेलेला. कापलेलं काही दिसलं की त्याला आधी लबाडी दिसे. पुस्तकं आणायला त्याची बायको अनुसयाच यायची. हे पुस्तक मात्र त्यानं दवाखान्यात तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं होतं. ती डोळे मिटूनच म्हणाली होती, "मुनीमावर नजर ठेवा. त्यानंच मारलं मालकाले."

दुसऱ्या दिवशी ऐकायला ती नव्हती.

तिचं बरोबर होतं की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं.

केशवनं ड्रॉवरमधून दोऱ्यानं बांधलेली पानं काढली. हिरालालनं त्यांचे आकडे पुस्तकाशी जुळवले, कागदावर कागद ठेवून पाहिला. मग वाचलं.

खून मालकाच्या जुळ्या भावानं केला होता.

"हा कुठून आला? पुस्तकभर याचं नाव नाई!"

"लेखक करतेत असं. काकूले त्याचाच राग. म्हणत, ज्याले आधी दाखवलाच नाई, त्याले शेवटी कायले पकडता?"

हिरालाल पानाकडे बघत राहिला. साधा ताप म्हणून ती दवाखान्यात स्वतः चालत गेली होती. अगदी शेवटी डॉक्टरनं एका आजाराचं नाव सांगितलं. त्याआधी ते घरात कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

त्यानं पानांना पुन्हा दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि ती केशवकडे सरकवली. पुस्तक पिशवीत टाकलं.

"काका, पुस्तक ठेवा लागते. शेवट वाचला नं तुम्ही?"

"शेवट तुह्यापाशीच राहू दे," हिरालाल पायरी उतरत म्हणाला. "मुनीमानंच मारलं."