जाडं ऑइल

गाडीच्या इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पुन्हा जवळजवळ कोरडीच निघाली. निरीक्षकाने ती फडक्याने पुसली, परत आत घातली, बाहेर काढली आणि उजेडात धरून पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

निरीक्षक म्हणजे बाटल्यांच्या कारखान्यात माल तपासणारा. समोरून सरकणाऱ्या शेकडो बाटल्यांतून तडा गेलेली नेमकी उचलायची, हे त्याचं काम. डोळा असा तयार झालेला की घरी आला तरी मिटायचा नाही. कपाचा टवका दिसायचा, ठिबकणारा नळ दिसायचा, मुलीच्या वहीतली खाडाखोड दिसायची, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. हात त्याने आजवर कुणावर उगारला नव्हता. तोंडाचा पट्टा मात्र झोपेपर्यंत चालू. आपण घरासाठी जिवाचं रान करतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

हल्ली या जिवाला गाडीचा घोर लागला होता. पेट्रोल सगळ्याच गाड्या पितात, ही वर ऑइलही खायची. मागून निळा धूर, पुढून टकटक. ताटावर चमचा आपटावा तसा तो आवाज गल्लीच्या कोपऱ्यापासून घरापर्यंत पोचायचा. कारखाना गावाबाहेर, तिकडे जायला दुसरं वाहन नाही. इंजिन बसलं तर कामावर जायचं कसं? नोकरी गेली तर मुलीच्या शिक्षणाचं काय, आईच्या औषधांचं काय? अंथरुणावर कूस बदलतानाही ती टकटक त्याच्या कानात असायची.

काम सुटल्यावर तो गॅरेजमध्ये गेला, तेव्हा मिस्त्रीने दोन डबे पुढे ठेवले. नेहमीचं पातळ ऑइल घातलं तर गाडी चटकन सुरू होईल, पण खाईल आणि आवाजही करील. जाडं घातलं तर धूर कमी, आवाज कमी, इंजिनही आणखी काही दिवस काढील. निरीक्षकाने दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. जाड्या ऑइलने दुसरंच काही बिघडणार नाही ना, हे त्याने तऱ्हेतऱ्हेने विचारून घेतलं. मिस्त्रीही वैतागला.

"साहेब, गाडी म्हातारी झालीय. तिला जाडंच घाला आणि निवांत झोपा."

संध्याकाळी तो गॅरेजमधून घरी निघाला, तेव्हा गाडी चक्क गप्प होती. दुखायचा थांबलेला दात जिभेने चाचपावा, तसा तो वाटभर काच खाली करून आवाज शोधत राहिला. कोपरा आला, गेला, टकटक नाही. दारासमोर गाडी थांबली तरी खिडकीचा पडदा हलला नाही. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

कडीला हात घातला आणि आतून हसणं ऐकू आलं.

त्याची आई हसत होती. वडील गेले त्याबरोबर तिचं हसूही गेलं, असं तो धरून चालला होता. त्याने दाराशेजारच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. टेबलावर टवका उडालेला तोच कप, जो टाकून द्या म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. आई त्यातूनच चहा पीत होती. मुलीने त्याचा जुना कोट चढवला होता. तिने पातेल्यातून उलथनं बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, दिव्यापुढे धरलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पुन्हा कमी. या घरात कुणाला कशाचं काही आहे का?" हुबेहूब तोच. बायको हसून हसून डोळे पुसत होती.

त्यालाही हसू फुटणारच होतं.

"पुरे गं आता," बायको म्हणाली. "यायची वेळ झाली त्यांची."

"अगं, होऊ दे," आई म्हणाली. "कोपऱ्यावर टकटक झाली की आवरू. तेवढा वेळ मिळतोच की रोज."

निरीक्षकाने कडीवरचा हात काढून घेतला. स्वतःच्याच दारातून तो चोरपावलांनी फाटकापर्यंत मागे गेला. हॉर्न वाजवायची सोय नव्हती, गल्लीत हॉर्न वाजवणाऱ्यांवर तोच खेकसायचा. त्याने फाटक आपटलं, मोठ्याने खोकला, बुटांच्या नाड्या सोडायला उगाच वेळ लावला. आत खुर्च्या सरकल्या, भांडं वाजलं, मग काहीच वाजलं नाही.

तो आत गेला तेव्हा कप कपाटात होता, कोट खुंटीवर होता, मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. सगळं जिथल्या तिथे. रोज असंच असायचं आणि त्याला वाटायचं, आपल्या घराला शिस्त आहे. आज त्याला फार वाईट वाटलं. कोट राहू दे अंगावर, असं मुलीला म्हणायचं त्याने मनात अगदी जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "बाहेरचा दिवा कशाला जळतोय?"

मुलीने उठून दिवा मालवला.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. ऑइल मात्र बदलता येतं.

दुसऱ्या दिवशी काम सुटताच तो मिस्त्रीसमोर उभा राहिला. कालच घातलेलं चांगलं ऑइल काढून पुन्हा पातळ घालायचं म्हटल्यावर मिस्त्रीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग स्पष्टच सांगितलं, आवाज परत येईल, गाडी ऑइल खाईल आणि इंजिनही लवकर बसेल.

निरीक्षकाने पातळ ऑइलचा डबा स्वतःच उचलून मिस्त्रीपुढे ठेवला.

"बसलं तर बसू दे," तो म्हणाला. "कोपऱ्यावरून घरात ऐकू जाईल ना, तेवढं बघा."