वत्सलाकाकूंची हिरवी पट्टी

बोलक्या शेगडीला मंजुरी मिळायची, तर वापरणाऱ्याच्या मनगटावरची पट्टी आठ दिवस हिरवी राहायला हवी होती. मन वैतागलं की पट्टी लाल होई, मग तोंडाने कुणी कितीही "छान आहे हो" म्हणो. घरी आलेल्याला खरं सांगायचं नाही, ही आपली जुनी सवय. तिच्यावरच हा उपाय निघाला होता.

शेगडी घडवण्यात ऋजुताची दोन वर्षं गेली होती. मिरजेला वत्सलाकाकूंच्या घरी येऊन पट्टीची नोंद अखंड हिरवी पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"काकू, एकदाही वैताग नाही?"

"कसा येईल? पट्टी यांच्या हातात होती." काकूंनी झोपाळ्यावर पेपर वाचणाऱ्या अण्णांकडे बोट दाखवलं. "माझ्या हातात लालच व्हायची मेली. एवढ्या लांबून आलेल्या पोरीचं मन कशाला मोडायचं?"

"अण्णा, शेगडी कशी वाटली?"

"कुठली शेगडी?" अण्णांनी पान उलटलं.

ऋजुताने हसू दाबत पट्टी काकूंच्या मनगटावर बांधली. काकूंनी फोडणीला तेल ओतलं.

"तेल जास्त झालं," शेगडी म्हणाली. पट्टी लालभडक झाली.

"चाळीस वर्षं काय पाण्याची फोडणी देत होते मी?" काकू फणकारल्या आणि लगेच पदराने पट्टी झाकू लागल्या. "तू नको गं तिकडे बघूस. चहा घे."

ऋजुताने शेगडीचा आवाज बंद केला. "अशी बरी वाटते का?"

"छे गं, गोड बोलायची बिचारी. बोलू दे की तिला," काकू म्हणाल्या.

पदराखाली पट्टी मात्र शेगडी गप्प होताच हिरवीगार झाली होती.