मशीन ओके म्हणतंय

आपल्या ऑफिसात बसून त्यानं दवाखान्याच्या सर्व्हरला बंद होऊन पुन्हा चालू व्हायला सांगितलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण शेण खाल्लं आहे. सर्व्हरनं कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते लिहिताना डी-आय-एस-के ऐवजी त्यानं डी-एस-आय-के असं बडवलं होतं. असली डिस्क जगात कुठे असणार? मशीन जे झोपलं ते झोपलंच.

आता शहराच्या या टोकाला बसून काही होणार नव्हतं. मशीनच्या कीबोर्डपाशीच माणूस हवा होता. मशीन होतं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेची प्रमुख होती त्याची बायको. ती परवापासून त्याच्याशी बोलत नव्हती. तिची स्कूटर त्यानं पुतण्याला देऊन टाकली होती. विचारलं होतं हो, अगदी रीतसर! "ठीक आहे" म्हणाली होती ती. मग हा अबोला कसला, ते काही त्याच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

नाक मुठीत धरून त्यानं फोन लावला.

"प्रयोगशाळा. बोला."

एरवी अरे-तुरे करणारी बायको अहो-जाहोवर आली, की समजून जावं.

"अगं, मी बोलतोय. सर्व्हर बंद पडलाय. माझ्याच हातून."

"ते दिसतंय आम्हाला. सर्जन रक्ताच्या रिपोर्टसाठी डोक्यावर येऊन उभे आहेत. रिपोर्टशिवाय पेशंटला आत घेता येत नाही. काय करायचं तेवढं सांगा."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"ओके."

"ओके काय? वाच ना."

"अहो, ओकेच लिहिलंय! मशीन ओके म्हणतंय, मग बिघडलंय कुठे?"

तशातही त्याला हसू आलं. "ते ओके म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं गं. मी अडकून पडलोय, आता तुम्हीच काय ते बघा, असं म्हणतंय ते."

"परवा मी 'ठीक आहे' म्हटलं ना," ती म्हणाली, "ते याच जातीचं होतं."

त्याचे कान गरम झाले. इतकी वर्षं मशीनच्या मनातलं ओळखून पोट भरतोय, आणि घरात हा उजेड!

"बोला, काय लिहू?"

त्यानं एकेक अक्षर सांगितलं, तिनं एकेक परत म्हणून दाखवलं. शेवटी डिस्क आली.

"डी, आय, एस, के."

"आय आधी?"

"आय आधी. मी एस आधी घातला होता."

"धन्य आहे."

मग 'बूट', म्हणजे 'सुरू हो', आणि एंटर. स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या म्हणाली. थोड्या वेळानं तिकडे प्रिंटर खरखरला आणि मागून कुणीतरी "आले, रिपोर्ट आले!" असं ओरडलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"ऐक ना," तो म्हणाला, "माझं चुकलं."

"चालायचंच. एका अक्षराचा तर घोळ."

"स्कूटरचं म्हणतोय मी."

ती हसली. खरंच हसली, त्यानं ऐकलं.

"संध्याकाळी मला न्यायला ये," ती म्हणाली. "माझ्या स्कूटरवरून."

ये, म्हणाली! त्यानं लगेच पुतण्याला फोन लावला.